बोटांच्या बेचक्या

पहाटे साडेचारला फोन वाजतो.
तिकडे अकरा. शलाका कामावरून सुटून
बसथांब्यावर उभी. तोंडातून वाफ.
मी कन्नमवार नगरात, ओट्यापाशी,
गॅस बारीक करून, आवाज त्याहून बारीक,
कारण हिचा डोळा आत्ताच कुठे लागलेला.

'काम काय असतं गं तुला?'
'हॉस्पिटॅलिटी, पप्पा.'
'म्हणजे?'
'म्हणजे... आलेल्या लोकांना बरं वाटेल असं बघायचं.'
आठवड्याला वीस तास. त्याच्यावर कायदा नाही म्हणतो.
वीस तास!
दिवाळीत आम्ही दीड दिवसात उडवायचो.

शब्द चांगला आहे. ऐसपैस. आत बरंच मावतं.
माझ्या वेळी हाताशी असता
तर तिच्या शाळेच्या फॉर्मवर
'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात
पेन एवढं अडलं नसतं.
मी 'हॉटेल लाइन' लिहिलं.
बाईंनी विचारलं, मॅनेजर का?
मी मान अशी हलवली
की अर्थ त्यांचा त्यांनीच लावावा.

बझारगेटच्या गल्लीत, शेट्टींच्या मोरीत, एकवीस वर्षं.
सांबाराचं टोप असं, की मी आत उतरून घासायचो,
बाहेरून फक्त पाय दिसायचे.
सुटताना हात तीनदा धुवायचे,
पावडर लावायची, खिशात घालायचे
आणि तसंच घरी.
शलाकाला वाटायचं, पप्पांना थंडी वाजते.
मे महिन्यातसुद्धा.

खोलीचे कागद सहकारी बँकेत आहेत.
ते ती विचारत नाही, मी सांगत नाही.
तसे आम्ही दोघं एकमेकांना फार जपतो.

परवा तिनं केस मागे सारायला हात उचलला
आणि तो पडद्याच्या अगदी जवळ आला.
बेचक्या पांढऱ्या. सोललेल्या.
नखांच्या कडा फुगलेल्या,
कातडी भिजून भिजून दुसऱ्या कुणाची वाटावी अशी.
जन्मली तेव्हा सगळे म्हणाले, नाक आईचं, कपाळ आत्याचं.
माझं काय आलंय, ते कुणाला सापडलं नव्हतं.
मी काही बोललो नाही.
दूध उतू गेलं. मग दुधाविषयीच बोललो.

आज मात्र तिनं 'हॅलो' म्हणायच्या आत सुरू केलं:
टोप करपलं तर घासत बसू नये.
पाणी, मूठभर मीठ, आणि परत चढवायचं शेगडीवर.
उकळी फुटेपर्यंत ग्लासं काढायची.
ग्लासं आधी. कायम ग्लासं आधी,
पाणी कोरं असतं तोवर.
एका पायावर भार देऊन उभं राहायचं नाही,
चाळिशीत कंबर हिशेब मागते.
अंगठी काढून दोऱ्यात ओव, गळ्यात घाल.
आणि रात्री खोबरेल. क्रीम नको. खोबरेल,
बेचक्यांत, जिरेपर्यंत.

तिची बस आली. दार उघडलं, मिटलं, बस गेली.
ती तिथंच.
'तुम्हाला कसं माहीत?'

मी लेंग्याच्या खिशातला हात काढला,
सवय अजून सुटलेली नाही,
आणि फोनसमोर धरला. आधी पालथा, मग उताणा.
सहा वर्षं झाली काम सोडून,
तरी करंगळीचं नख अजून वाकडंच उगवतं.

किती वेळ बघत राहिली कोण जाणे.
एक टेम्पो खालून गेला. वरच्या मजल्यावर पंप सुरू झाला.
मग नाक ओढून म्हणाली,
'इथं मशीन आहे, पप्पा. मोठं आहे.
पण टोप काही त्यात जात नाही.'

'नाहीच जायचं,' मी म्हटलं.
'टोप कुठल्याच मशीनमध्ये जात नाही.'